पाकीट फोडण्याआधी : त्वचेचे उपचार, छोटी ऑपरेशनं आणि कचरा – तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की स्किनच्या डॉक्टरकडे, छोट्या ऑपरेशनच्या वेळी किंवा घरी मलमं-ड्रेसिंग करताना जो कचरा होतो त्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली, आणि पेशंटइतकीच दवाखान्यात काम करणाऱ्यांचीही आली याचा मला फार आनंद झाला. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मिस्टरांच्या पाठीवर गाठ होती ती काढायला गेलो होतो. गाठ बोराएवढी आणि काढून झाल्यावर कचऱ्याच्या दोन पिशव्या भरल्या. निळे कागदी कपडे, ग्लोव्हजची पाकिटं, प्लास्टिकचा ट्रे, न वापरलेला गॉजसुद्धा टाकून दिला. तिथे विचारायचं धाडस झालं नाही. एवढं सगळं खरंच लागतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नाही लागत. अशी गाठ काढायला काय लागतं ते सांगते म्हणजे तुम्हालाच अंदाज येईल. सुन्न करायला लिग्नोकेन, एक सिरिंज, एक बारीक सुई, एक ब्लेड, दात असलेला चिमटा, एक-दोन आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचे चिमटे), सुई धरायचा नीडल होल्डर, कात्री, टाक्याचा दोरा, थोडा गॉज, बीटाडीन, ग्लोव्हज, मधे भोक असलेलं कापड ज्याला आम्ही होल टॉवेल म्हणतो, आणि गाठ तपासायला पाठवायची असेल तर फॉर्मॅलिनची बाटली. संपलं. यातलं सुई-ब्लेड सोडून स्टीलचं बाकी सगळं सामान आणि होल टॉवेल धुऊन, ऑटोक्लेव्ह करून वर्षानुवर्षं वापरता येतं, वाफेत १२१ डिग्रीला १५ पौंड दाबाखाली ठरलेला वेळ ठेवलं की त्यावर जंतू उरत नाहीत, आपल्याकडच्या सरकारी हॉस्पिटलमधे ड्रम (सामान भरून वाफेत ठेवायचा डबा) लावायची पद्धत पिढ्यानपिढ्या हीच आहे.

मग दोन पिशव्या कुठून भरल्या? रेडिमेड किटमधून. एका पाकिटात सगळं येतं, त्यात तुमच्या मिस्टरांना न लागणाऱ्याही वस्तू असतात, आणि पाकीट एकदा फोडलं की आतलं न वापरलेलंही स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, राहिलं असं धरता येत नाही, म्हणून ते टाकावंच लागतं. गॉजचंही तेच, सुरुवातीलाच दहा तुकडे ट्रेमधे काढून ठेवायचे, वापरायचे चार आणि उरलेले सहा गेले. याला उपाय एवढाच की कमीत कमी उघडून सुरुवात करायची आणि लागेल तसं सिस्टरने एकेक काढून द्यायचं. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण कचरा कमी करायचं खरं काम इथेच होतं, पाकीट फोडण्याआधी. डब्यासमोर उभं राहून फक्त कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचं एवढंच हातात उरतं.

हे मी नुसतं आपल्या वाटण्यावरून सांगत नाहीये. २०१९ मधे हेल्थ केअर विदाउट हार्म आणि अरुप या संस्थांनी जगभरच्या आरोग्यसेवेचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की जगातल्या कार्बन उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के आहे, आणि त्यातला सुमारे ७१ टक्के भाग हा वस्तू बनवणं, पॅक करणं, वाहून आणणं आणि शेवटी त्यांची विल्हेवाट लावणं या साखळीतून येतो. म्हणजे ते न वापरलेलं गॉज टाकलं तेव्हा कापूस पिकवण्यापासून ते नाशिकपर्यंत ट्रकने येण्यापर्यंतचं सगळंच फुकट गेलं.

ग्लोव्हजबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण त्यावर चांगला अभ्यास झालाय. स्टराइल ग्लोव्हजची प्रत्येक जोडी कागदात गुंडाळलेली, वर पुन्हा पाकीट. साधे तपासणीचे ग्लोव्हज एका खोक्यात शंभर येतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मॅके गावी छोट्या त्वचेच्या ऑपरेशनवर एक अभ्यास झाला, २०१५ मधे छापून आला, ४९३ पेशंट होते, अर्ध्यांना स्टराइल आणि अर्ध्यांना खोक्यातले स्वच्छ ग्लोव्हज. इन्फेक्शन स्टराइलमधे ९.३ टक्के आणि साध्यात ८.७ टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. नंतर बाकीचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही साधारण हेच निघालं. पण हे बायोप्सी, छोटा तीळ, छोटी गाठ अशा वरवरच्या कामासाठी हं. मोठा फ्लॅप (शेजारची त्वचा) फिरवायचा असेल, ग्राफ्ट (दुसरीकडची त्वचा) लावायचा असेल तर स्टराइलच घालायचे, आणि खोकं उघडं पडलेलं, दहा जणांचे हात लागलेलं असेल तर तो अभ्यास तुमच्या दवाखान्याला लागू होत नाही.

आणि एका ठिकाणी काटकसर अजिबात नको. सुई, सिरिंज, ब्लेड, त्वचेचा तुकडा काढायचा डिस्पोजेबल पंच, हे एका पेशंटला वापरलं की संपलं. २००९ मधे गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि माणसं दगावली. पर्यावरणाचं नाव घेऊन कुणी सुई वाचवत असेल तर त्या दवाखान्यातून उठून यायचं.

डॉक्टरांना विचारायचं कसं, तर सरळ. "तुमच्याकडे कापडी होल टॉवेल आहेत का, ते वापरले तर चालतील मला." पेशंटलाच सगळं नवीन, पाकिटातलं हवं असतं अशी आमच्या लोकांची समजूत असते, आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे, त्यामुळे तुम्ही असं म्हणालात तर डॉक्टरला बळच मिळेल.

प्रश्न : मॅडम, मी एका स्किन क्लिनिकमधे सिस्टर आहे. आमच्याकडे ग्लोव्हज, सिरिंज, गॉज, कागद, कधी कधी चहाचे कपसुद्धा पिवळ्या पिशवीत जातात. सर म्हणतात सगळं पिवळ्यात टाकलं की टेन्शन नाही. हे बरोबर आहे का? आणि बेड नसलेल्या क्लिनिकला हे नियम असतात का? – एक सिस्टर, सातारा

उत्तर : सिस्टर, आधी दुसऱ्याचं उत्तर. हो, असतात. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम बेड नसलेल्या क्लिनिकलाही लागू आहेत, प्रदूषण मंडळाची परवानगी, कचरा नेणाऱ्या संस्थेशी करार, पिशवीवर बारकोड, वर्षाचा रिपोर्ट ३० जूनच्या आत, आणि कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

आता पिवळ्या पिशवीचं. ती भट्टीत जाते, आणि भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात १०५० डिग्रीच्या आसपास तापमान ठेवावं लागतं. म्हणजे तुमचा चहाचा कप आणि ग्लोव्हजचा कोरा कागद जाळायला इंधन खर्च होतंय. त्याहून वाईट म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक, पीव्हीसी वगैरे, जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात, ते हवेतून माती-पाण्यात आणि तिथून दुधा-मांसात येतात, भट्टीजवळ राहणाऱ्या लोकांना तर थेटच त्रास. म्हणूनच क्लोरीनवाल्या पिशव्या आणि ग्लोव्हज बंद करायचं त्याच नियमांत लिहिलंय. लाल पिशवीतलं प्लास्टिक मात्र ऑटोक्लेव्ह होतं, त्याचा चुरा होतो आणि ते रिसायकलला जातं. तुम्ही सिरिंज पिवळ्यात टाकली की ती संधी गेली.

तीळ काढून झाला, ट्रे समोर आहे असं धरा. रक्ताचा गॉज आणि कापूस पिवळ्यात, तुमचा मास्कही पिवळ्यात (२०१८ च्या दुरुस्तीपासून). ग्लोव्हज लाल. सिरिंजची सुई कटरने कापून सिरिंज लाल, सुई आणि ब्लेड पांढऱ्या जाड डब्यात. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई कायमची जोडलेली असते म्हणून ती अख्खीच पांढऱ्यात. काचेचं अँप्यूल किंवा व्हायल निळ्यात. आणि ग्लोव्हजचा आतला कागद, दोऱ्याचं बाहेरचं पाकीट, औषधाचं खोकं, माहितीपत्रक, ज्याला रक्ताचा थेंब लागलेला नाही ते सगळं साध्या सुक्या कचऱ्यात, नगरपालिकेच्या गाडीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दवाखान्यातला साधारण ८५ टक्के कचरा हा असा घरगुती कचऱ्यासारखाच असतो, धोक्याचा फक्त १५ टक्के.

सरांना हे आकडे दाखवा. आणि एक करून बघा, साध्या कचऱ्याचा डबा ट्रॉलीच्या अगदी हाताशी आणि पिवळा दोन पावलं लांब. पाकीट फोडताना हात जिथे जवळ असतो तिथेच कागद पडतो, त्यामुळे डब्याची जागा बदलली की निम्मं भांडण मिटतं. आणि तुम्ही स्वतः सांभाळून, सुईला टोपण परत लावत बसू नका.

प्रश्न : वडिलांच्या गालावर बरीच वर्षं न भरणारी जखम होती, कॅन्सरचाच सौम्य प्रकार निघाला, पुण्याला ऑपरेशन केलं, आता छान आहेत. पण एकदा ड्रेसिंगला, एकदा टाके काढायला, एकदा रिपोर्ट दाखवायला, दर वेळी गाडी करून पुणे गाठलं. प्रत्येक वेळी दहा मिनिटांचं काम. यातलं काही टाळता आलं असतं का? – एक वाचक, परभणी

उत्तर : वडील बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. हो, बरंचसं टाळता आलं असतं, आणि पेशंटच्या येण्याजाण्याचा धूर हाही आमच्या कामाच्या प्रदूषणातला मोठा भाग आहे हे आम्ही डॉक्टर सहसा मोजतच नाही.

चेहऱ्यावर विरघळणारे टाके घातले तरी व्रण जवळपास तसाच येतो, मग टाके काढायचा प्रश्नच नाही. साधे टाके घातले असतील तर चेहऱ्यावरचे पाच ते सात दिवसांत आणि हातापायांवरचे दहा ते चौदा दिवसांत काढायचे असतात, आणि ते काम तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर उत्तम करते, फक्त ऑपरेशन करणाऱ्याने चिठ्ठीवर तारीख आणि टाक्यांची संख्या लिहून द्यायला पाहिजे. रिपोर्ट फोनवर पाठवता येतो. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आली तेव्हापासून फोनवर, व्हिडिओवर सल्ला देणं पूर्ण नियमात बसतं, सरकारची ई-संजीवनी सेवा तर फुकट आहे.

ड्रेसिंगबद्दलही सांगते. स्वच्छ, टाके घातलेल्या छोट्या जखमेला रोज नवीन महागडी पट्टी लागत नाही. एक-दोन दिवसांनी साबण-पाण्याने हलकं धुऊन वर व्हॅसलिनचा पातळ थर आणि गॉजचा लहान तुकडा एवढं बऱ्याचदा पुरतं. अँटिबायोटिक मलमाचाही आग्रह नको, अमेरिकेत ९२२ पेशंटवर १९९६ मधे आलेल्या अभ्यासात साधं पांढरं पेट्रोलॅटम (म्हणजे व्हॅसलिन) आणि बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम यांच्यात इन्फेक्शनचा लक्षणीय फरक दिसला नाही, उलट अशा मलमांची ॲलर्जी येणारे पेशंट आम्हाला नेहमी दिसतात.

फोटो पाठवायचा तर दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद, एक हातभर अंतरावरून आणि एक जवळून. पण जखम लाल होऊन ठणकत असेल, पू येत असेल, ताप असेल तर फोटोवर थांबू नका, आणि वडिलांची सहा महिने-वर्षाची तपासणी मात्र प्रत्यक्षच करून घ्या, अशा माणसाला दुसऱ्या जागी नवीन गाठ यायची शक्यता असते आणि ती सगळं अंग बघूनच सापडते. तेवढ्यासाठी पुण्याची फेरी वाया जात नाही.

प्रश्न : आमची आजी भाजलेल्यावर केळीचं पान ठेवायची. हल्ली प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी हे करावं असं लोक सांगतात. यात तथ्य आहे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तथ्य आहे, आणि ते आपल्या मुंबईतच सिद्ध झालंय याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९८५ मधे वाडिया हॉस्पिटलच्या डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग भाजलेल्या जखमांसाठी वापरून त्याबद्दल लिहिलं. पुढे सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांचं ड्रेसिंग केलं, २००३ मधे त्यांचे अभ्यास आंतरराष्ट्रीय जर्नलमधे आले. बटाट्याच्या सालीशी तुलना केली तर जखम भरणं सारखंच, आणि केळीचं ड्रेसिंग बनवायला सोपं, शिवाय कितीतरी पट स्वस्त. ग्राफ्टसाठी जिथली त्वचा काढतात त्या जागेवरही त्यांनी ते व्हॅसलिन गॉजशी ताडून पाहिलं आणि पेशंटना दुखणं कमी होतं.

कारण समजायला सोपं आहे, पान मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही, ओलावा धरून ठेवतं, आणि ड्रेसिंग बदलताना जी कातडी ओढली जाऊन पेशंट ओरडतो ते होत नाही. भाजलेल्या पेशंटला रोज किती गॉज लागतो हे ज्याने बघितलंय त्याला याची किंमत कळेल.

पण, आणि हे नीट वाचा, ती पानं धुऊन, पट्टीवर चिकटवून, ऑटोक्लेव्ह करून वापरलेली होती. परसातलं पान तोडून थेट जखमेवर ठेवायचं नाही, त्यावर माती असते, बुरशी असते. घरी भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरायचं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, आणि फोड मोठा असेल किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल तर दवाखाना. अशी ड्रेसिंगं दवाखान्यांनी बनवून वापरावीत, त्यासाठी कुणीतरी पुढाकार घ्यावा असं मला मात्र फार वाटतं, कोकणात तर केळीच्या पानांना तोटा नाही.

प्रश्न : आमच्या घरी मलमांच्या अर्ध्या वापरलेल्या ट्यूबचा डबा भरलाय. गजकर्णाच्या, खाजेच्या, पिंपल्सच्या. फेकवत नाही, वापरवत नाही. काय करू? – एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : प्रत्येक घरात हा डबा असतो. आधी डबा रिकामा करू, मग तो पुन्हा भरू नये याचं बघू.

प्रत्येक ट्यूबवर नाव आणि तारीख बघा. तारीख संपलेली बाजूला. उरलेल्यात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावं दिसली तर ती स्टेरॉइड आहेत, तीही बाजूला, आणि कुणालाही "तुला पण खाज आहे ना, हे लाव" म्हणून देऊ नका. हे मला इतकं तळमळून सांगावंसं वाटतं कारण आज गजकर्ण जे बरं होत नाहीये त्यामागे ही मिक्स मलमं आहेत. स्टेरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध सगळं एका ट्यूबमधे, दोन दिवसांत खाज थांबते, ट्यूब अर्धी राहते, महिन्याभरात गजकर्ण दुप्पट होऊन येतं आणि घरातल्या सगळ्यांना लागतं. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशीची एक जात आपल्याकडे इतकी पसरली की २०२० मधे तिला इंडोटिनीए असं नावच दिलं गेलं, म्हणजे भारताच्या नावावरून. २०१८ मधे सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी दुकानात मिळतातच. एका चुकीच्या ट्यूबमागून पाच ट्यूब, गोळ्यांची पाकिटं, फेऱ्या, सगळं वाढत जातं. योग्य निदान हाच इथे कचरा कमी करायचा सगळ्यात मोठा मार्ग आहे.

आता मलम किती घ्यायचं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ येते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या दोन पंज्यांएवढ्या जागेला, बोटांसकट, ती पुरते. म्हणजे दोन पंज्यांएवढा चट्टा, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस, हिशोब झाला पंधरा ग्रॅमचा. मग तीस ग्रॅमची ट्यूब कशाला घ्यायची? डॉक्टरला विचारा किती ग्रॅमची लिहिताय, आणि छोटी मिळत असेल तर छोटीच घ्या. उलट्या बाजूने, एक्झिमाच्या मुलाला अंगभर मॉइश्चरायझर लावायचंय तर मोठा डबा घ्या, दहा छोट्या ट्यूब नकोत. ट्यूब संपली वाटली की कात्रीने मधे कापा, आत अजून तीन-चार दिवसांचं निघतं.

टाकायच्या ट्यूब संडासात, बेसिनमधे पिळू नका. औषध निसर्गात कुठवर पोचतं हे आपल्याला गिधाडांनी शिकवलंय, तिथे वाट पाण्याची नव्हती, मेलेल्या जनावरांची होती, पण डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन देशातली बहुतेक गिधाडं गेली आणि २००६ मधे जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. तारीख गेलेली औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच घरगुती घातक कचऱ्यात धरलेली आहेत, ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी बांधून द्यायची. ओळखीच्या केमिस्टला किंवा तुमच्या डॉक्टरला विचारा, ते आपल्या पिवळ्या पिशवीत घेतात का. केरळमधे २०२५ मधे कोझिकोडपासून घरातली जुनी औषधं गोळा करायची सरकारी योजना सुरू झाली, आपल्याकडेही व्हायला हवी, नगरसेवकाला पत्र लिहायचं असेल तर या विषयावर लिहा.

प्रश्न : मालवणात आमची स्नॉर्कलिंगची बोट आहे. पर्यटक अंगभर सनस्क्रीन थापून पाण्यात उतरतात, पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. याने प्रवाळ मरतात म्हणे. लोकांना काय सांगू? – एक बोटवाले, मालवण

उत्तर : दादा, तुम्ही हा प्रश्न विचारलात यासाठीच तुमचे आभार. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं प्रयोगशाळेत प्रवाळांना त्रासदायक ठरली आहेत, म्हणून हवाईने २०१८ मधे कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून ती असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली, पलाऊ देशाने तर २०२० पासूनच. खऱ्या समुद्रात त्यांचा वाटा किती यावर अजून वाद आहे, प्रवाळ पांढरे पडतात त्याचं मुख्य कारण समुद्र तापणं हेच आहे. पण टाळता येण्यासारखी गोष्ट टाळायला काय हरकत आहे.

पर्यटकांना सांगा, पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट आणि लेगिंग घाला. कापडाने अंग झाकलं की सनस्क्रीन उरतं फक्त चेहरा, मान आणि हातापायांच्या पंजांपुरतं, आणि ऊनही जास्त चांगलं अडतं. जमलं तर तुम्हीच बोटीवर असे टीशर्ट भाड्याने ठेवा, धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतात. सनस्क्रीन पाण्यात उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं म्हणजे जरा मुरतं, बोटीच्या काठावर बसून स्प्रे मारायचा नाही, त्यातला निम्मा वाऱ्यावरच जातो. लेबल वाचायचं तर बेन्झोफिनोन-३ म्हणजेच ऑक्सिबेन्झोन आणि इथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट म्हणजेच ऑक्टिनॉक्सेट, हे नको, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं बरं. ट्यूबवर नुसतं रीफ सेफ (प्रवाळांना सुरक्षित) छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, त्याला ठरलेली अशी व्याख्या नाही.

प्रश्न : मेकअप काढायचे वाइप्स आणि शीट मास्क, यांना पर्याय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सुती रुमालाचे तुकडे, धुऊन वापरायचे. बऱ्याच वाइप्समधे प्लास्टिकचे धागे असतात आणि त्यातल्या सुगंधाने काहींच्या पापण्यांना एक्झिमा होतो. शीट मास्कशिवाय त्वचेचं काहीही अडत नाही.

प्रश्न : मी नुकतंच प्रॅक्टिस सुरू केलेला त्वचारोगतज्ज्ञ. कोडासाठी लाइट चेंबर घेतलाय. जुन्या ट्यूबचं काय करायचं, आणि विजेचा खर्च कमी कसा करू? – लातूर

उत्तर : डॉक्टर, त्या ट्यूबमधे पारा असतो, भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत आणि फोडायच्या तर नाहीतच, अधिकृत ई-वेस्टवाल्याकडे द्या, कंपनी नवीन बसवायला येते तेव्हा जुन्या घेऊन जायची अट ऑर्डरमधेच घाला. मीटर लावून ट्यूबची ताकद मोजत राहा म्हणजे अजून चांगल्या चालणाऱ्या ट्यूब उगाच बदलल्या जात नाहीत. पेशंटच्या वेळा सलग लावा, चेंबर आणि एसी दिवसभर चालू ठेवायची गरज नाही, एसी २४ वर. आणि निवडक पेशंटला, समजून घेणारा असेल तर, सोरॅलेन (त्वचेवर उन्हाचा परिणाम वाढवणारं औषध) लावून किंवा घेऊन ठरलेला वेळ उन्हात बसायची आपली जुनी पद्धत आहेच, तिला वीज लागत नाही, पण भाजण्याचा धोका नीट समजावून, मिनिटं लिहून द्या. लांबून येणाऱ्या पेशंटसाठी तर तिचा विचार आधी करा.

प्रश्न : मला सोरायसिस आहे, घरीच इंजेक्शन घेते. शिवाय सासूबाईंच्या पायाच्या जखमेचं रोज ड्रेसिंग. सुया आणि पट्ट्या कुठे टाकू? कचरा घ्यायला ताई येतात, त्यांना टोचेल अशी भीती वाटते. – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची भीती अगदी खरी आहे. कचरा वेचणाऱ्या बाया आजही बऱ्याचदा हातानेच वेगळं करतात आणि पिशवीतली एक उघडी सुई त्यांना हिपॅटायटिस देऊ शकते.

सुया किंवा पेन यांच्यासाठी जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या, फिनेलची किंवा डिटर्जंटची रिकामी बाटली चालते, पाण्याची पातळ बाटली नाही, ती दाबली की सुई बाहेर येते. वर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. टोचून झालं की टोपण न लावता लगेच आत. पाऊण भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा, त्यांच्याकडे पांढरा डबा असतो आणि गाडी येतच असते, त्यांनी घ्यायला नाही म्हणू नये. पहिल्यांदा इंजेक्शन सुरू करतानाच हे विचारून ठेवा.

सासूबाईंच्या पट्ट्या कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने सॅनिटरी कचऱ्यासाठी ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली आहे, तुमच्या ताईंना तो ठिपका लगेच कळेल. ओल्या कचऱ्यात टाकू नका. आणि एकदा ड्रेसिंग करणाऱ्यांना विचारा की रोज बदलणं खरंच गरजेचं आहे का, पायाच्या बऱ्याच जखमा योग्य ड्रेसिंग आणि वरून दाबाची पट्टी असेल तर दोन-तीन दिवस न उघडता जास्त चांगल्या भरतात, फक्त दाबाची पट्टी बांधण्याआधी पायातला रक्तपुरवठा तपासून घ्यायला हवा, आणि मधुमेह असेल तर ते आधी सांगा.